भाटव्यांची बाटली

आमच्या यवतमाळ जिल्ह्याने बोलके आमदार पाहिले, मुके आमदार पाहिले, निवडून आल्यावर मुंबईचेच होऊन गेलेले तर ढिगाने पाहिले; पण विधानसभेला जाताना ट्रंकेत धोतरजोडीखाली दगड, छपराचे फुटके कवेलू आणि कपाशीची किडकी बोंडे भरून नेणारा आमदार आजवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या नशिबी आला. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवे म्हणतात. तेव्हा हे आमचे भाटवे. अख्ख्या मतदारसंघात त्यांच्याइतका राबणारा आमदार झाला नाही आणि त्यांच्याइतके कमी काम कोणाच्या हातून झाले नाही. ही दोन्ही विधाने मी साक्षीदार म्हणून करतो, कारण पाच वर्षे त्यांची ट्रंक उचलायला दारव्ह्याच्या स्टेशनावर मीच जात होतो.

छप्पन साली आमचा वऱ्हाड-विदर्भ जुन्या मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात नेऊन ठेवला आणि पुढल्याच वर्षीच्या निवडणुकीत दोन तालेवार उमेदवारांच्या भांडणात भाटवे निवडून आले. आपण निवडून आलो हे त्यांना पटायला आठवडा लागला. नागपूर राजधानी होती तेव्हा माणूस फडक्यात भाकरी बांधून निघायचा, कचेरीच्या पायरीवर बसून ती खायचा आणि काम झाले नाही तरी निदान साहेबाचे तोंड पाहून परत यायचा. मुंबईचे तसे नव्हते. मुंबई म्हणजे आधी छोट्या गाडीने रखडत मूर्तिजापूर, मग तिथून मेल, मग समुद्र. एवढ्या लांबून आपली दुःखे कोणाला दिसणार, या काळजीने भाटव्यांना निवडून आल्यापासून घेरले होते. "साळेबुवा," ते मला म्हणाले, "मुंबईहून आपलं गाव दिसत नाही. मंग आपनच गाव घिऊन जाव लागते."

हे ते अलंकारिक बोलत असावेत असे मला वाटले. मी शाळामास्तर, मला अलंकाराची सवय. पण भाटव्यांचा आणि अलंकाराचा कधीच संबंध आला नव्हता. त्यांनी खरोखरच गाव न्यायला सुरुवात केली. पहिला नियम त्यांनी केला तो असा की, कोणीही अर्ज आणायचा नाही. कागदावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. "कागद कोनाच्याबी बाजूनं बोलते. दगड बोलतच नाही, म्हून तो खोटं बोलत नाही," असे ते म्हणत. एखादा गरीब माणूस कोणाकडून तरी लिहवून आणलेला अर्ज पुढे करू लागला की ते हात मागे घेत. "काहून कागद आनला बे? वस्तू आन. कशाचं दुखून राह्यलं ते मले दिसू दे." रस्ता वाईट असेल तर रस्त्यातला दगड आणायचा, शाळा गळत असेल तर शाळेचे कवेलू आणायचे, पीक किडले असेल तर बोंड आणायचे. एका शेतकऱ्याची तक्रार होती की तलाठी गावात फिरकतच नाही. आता न येणाऱ्या माणसाची वस्तू कुठून आणायची? तो बिचारा दोन बाजार विचार करत राहिला आणि तिसऱ्या बाजाराला तलाठ्याची छत्री घेऊन आला. मागल्या पावसाळ्यात तलाठी ती गावात विसरून गेला होता आणि हा पावसाळा सरत आला तरी न्यायला आला नव्हता. भाटव्यांना हा पुरावा इतका आवडला की त्यांनी त्या शेतकऱ्याला ताईच्या हातची पुरणपोळी खाऊ घातली.

ताईचे हाल मात्र कोणी विचारू नयेत. तिच्या घराच्या ओसरीत भिंतीला लागून एक लांब फळी होती. त्या फळीवर, फळीखाली, धान्याच्या कोठ्यांमागे आणि पुढेपुढे तर पलंगाखालीही अख्खा मतदारसंघ येऊन पडला. बैलगाडीचा मोडका आस, दवाखान्याच्या रिकाम्या कपाटाची दांडी, बिघडलेल्या हातपंपाचा दांडा. ताई म्हणायची, "लोकायच्या घरी आमदार झाल्यावर वस्तू येते, आमच्याही घरी येते. पन आमच्या घरी तुटलेली येते." एकदा भाटवे सगळी फळी धुंडाळत होते, कारण पुढल्या आठवड्यात विधानसभेत मारेगावच्या रस्त्यावर प्रश्न होता आणि मारेगावचा दगड सापडत नव्हता. तो स्वयंपाकघरात सापडला. चांगला हातात बसणारा, एका बाजूने सपाट असा तो दगड ताईने जवसाची चटणी ठेचायला घेतला होता. भाटव्यांनी तो उचलला, नाकाशी धरला आणि ते मला म्हणाले, "पाहा साळेबुवा, तुमच्या बहिनीनं मारेगावचा रस्ता चटनीत वाटला." दगड धुऊन, पुसून मुंबईला गेला, तरी त्याला लसणाचा वास येतच होता.

या दगडाचे पुढे जे झाले ते ऐकून कोणाला हसू येईल. मला आता येत नाही. भाटव्यांनी तो सभागृहात उंच धरला आणि असल्या धोंड्यांवरून आमच्या बाळंतिणी बैलगाडीने जातात, असे सांगितले. बांधकाम खात्याचा एक अधिकारी नंतर मोठ्या अगत्याने त्यांना भेटायला आला. त्याने दगड हातात घेतला, उलटसुलट केला, कुठे सापडतो ते विचारले. भाटवे आनंदाने घरी आले. दिवाळीनंतर मारेगावच्या बाजूला सरकारी माणसे आली, त्यांनी मापे घेतली आणि खाण सुरू केली, कारण दगड खडीसाठी उत्तम प्रतीचा होता. ती सगळी खडी भलत्याच तालुक्यातल्या भलत्याच रस्त्यावर गेली आणि ती वाहून नेणाऱ्या मालमोटारींनी आमच्या रस्त्याचे जे काही उरले होते तेही उखडून टाकले. किडक्या बोंडांनीही त्यांना असाच हात दिला. ती मुंबईच्या आमदार निवासात कपाटात ठेवली होती; अधिवेशन लांबले, अळ्यांचे यथाकाल पतंग झाले आणि कोकणातल्या एका वयस्क आमदाराच्या जेवणात पडले. कापसाच्या किडीबद्दल त्या अधिवेशनात एवढीच चर्चा झाली.

यातून शहाणा माणूस काहीतरी शिकला असता. भाटवे एवढेच शिकले की वस्तू बरोबर निवडली पाहिजे. आणि पुढल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांना वाटले की अगदी बरोबर वस्तू आपल्याला मिळाली आहे.

आर्णीच्या वाटेवर, नाल्याच्या काठाने एक गाव आहे. छप्पनच्या दसऱ्याला तिथल्या खालच्या वस्तीतली माणसे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. आल्यावर त्यांनी देव विसर्जन केले आणि मेलेली ढोरे ओढणार नाही असे गावाला सांगितले. गावाने त्यांचे पाणी तोडले. गावच्या विहिरीवर त्यांना चढायची मुभा आधीही नव्हतीच. खाली घागर ठेवून उभे राहायचे आणि कोणाला दया आली तर वरून ओतून घ्यायचे, अशी रीत होती. आता ओतणारेही बंद झाले. राहिला नाला. आमच्या काळ्या जमिनीतून वाहणाऱ्या नाल्याला फाल्गुनानंतर धार राहत नाही, नुसते डोह राहतात, आणि डोहात म्हशी बसतात. त्या डोहाचे पाणी वस्ती पीत होती. आदल्याच उन्हाळ्यात हगवणीची साथ आली आणि त्या वस्तीतल्या भागाबाई नावाच्या म्हातारीची तरणीताठी सून दोन दिवसांत गेली.

त्या गावचे पाटील भाटव्यांचे मावसभाऊ. भाटवे आधी त्यांच्याकडे गेले, हे मला माहीत आहे, कारण मी बरोबर होतो. चहा झाला, सुपारी झाली, पाणीही झाले, आणि मग भाटवे म्हणाले, "भाऊ, त्यायले विहिरीत दोर टाकू द्या. मानसं मरून राह्यली." पाटील शांतपणे म्हणाले, "ढोर ओढाले लावा, दोर टाकाले लावतो." मग म्हणाले, "तुमाले आमी कायले निवडून देल्लं, थे जरा याद ठेवा." भाटवे उठले. वस्तीत सरकारी विहीर खोदून घेणे हा एकच रस्ता उरला होता. खालच्या वस्तीत जाऊन त्यांनी सगळ्यांसमोर सांगितले की, पुढल्या उन्हाळ्याच्या आत इथे विहीर होईल, आणि नाही झाली तर माझे नाव घेऊ नका. आमदाराने असे बोलू नये. पण भाटवे आपल्या शब्दाला आमदाराचा शब्द समजत नव्हते, स्वतःचा समजत होते, आणि हीच त्यांची सगळ्यात मोठी अडचण होती.

अर्थातच त्यांनी वस्तू मागितली. भागाबाईच्या हातात त्यांनी दवाखान्याची एक मोठी पांढऱ्या काचेची बाटली दिली आणि म्हणाले, "माय, तुमी जे पिता थे पानी यात भरून ठेव. परवा मुंबईले जातो. तिथं सबन सभेले दाखवतो." म्हातारीने ती बाटली दोन्ही हातांनी घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा ती मोटारीच्या रस्त्यावर आधीच येऊन उभी होती. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळलेली होती, तोंडाला तिच्याच निळ्या लुगड्याच्या चिंधीचा बोळा गच्च बसवला होता. "फडकं सोडू नोका सायेब," ती म्हणाली, "वल्लं ठेवजा. पानी थंडं राह्यते." भाटव्यांनी फडके सोडले नाही. आमच्या प्रवासातला प्रत्येक नळ गाठून ते फक्त फडके ओले करत राहिले.

मी शिमग्याच्या सुट्टीला रजा जोडून त्या खेपेला त्यांच्याबरोबर मुंबईला चाललो होतो, त्यामुळे ती बाटली मांडीवर घेऊन बसलेले भाटवे मी सबंध रस्ताभर पाहिले. एखाद्याने तान्हे पोर नेले असते तर त्याला एवढा जाच झाला नसता. छोट्या गाडीत समोर बसलेल्या एका म्हाताऱ्याने भक्तिभावाने विचारले, "गंगा हाय काय?" भाटवे म्हणाले, "नाही बुवा. नाला हाय." मूर्तिजापूरच्या फलाटावर एका शिपायाला बाटलीचा भलताच संशय आला, त्याने बोळ्याला नाक लावून वास घेतला आणि आमच्याकडे निराशेने पाहून निघून गेला. मेलमध्ये तर कहर झाला. भर दुपार, डब्यात भट्टी पेटलेली, आणि एका मारवाडी गृहस्थाने त्या ओल्या फडक्याकडे पाहत घोटभर पाणी मागितले. भाटवे म्हणाले, हे देता येत नाही. का? पिण्यासारखे नाही. मग जवळ का धरले आहे? दाखवायला. यावर सगळा डबा भाटव्यांवर उलटला. तहानलेल्याला पाणी न देणारा माणूस कोण, कुठला, अशी चौकशी झाली, आणि तो आमदार आहे असे कळल्यावर सगळ्यांचे समाधान झाले. भाटवे मान खाली घालून बसले होते. पण पुढचे स्टेशन येताच स्वतः उतरून त्यांनी त्या गृहस्थाला नळाचे पाणी आणून दिले.

विधानसभेच्या प्रेक्षकांच्या सज्जात बसून मी खाली पाहत होतो. भाटव्यांनी भाषण पाठ केले होते. गाडीत ते त्यांनी मला इतक्या वेळा म्हणून दाखवले होते की ते अडले तर मी वरून सांगू शकलो असतो. ते अडले नाहीत. वस्तीची हकीकत त्यांनी सांगितली, भागाबाईच्या सुनेबद्दल सांगितले, आणि सभागृह शांत झाले. मी ते सभागृह एवढे शांत झालेले आधी पाहिले नव्हते, कारण मी ते आधी पाहिलेच नव्हते. पण भाटव्यांच्या शेजारचे जांभई देणारे सदस्यही सावरून बसले, हे मी खरे सांगतो. मग भाटवे म्हणाले, "अध्यक्ष महाराज, माझ्या हातात आहे ते पाणी नाही, चिखल आहे. माणसे हा चिखल पितात." आणि त्यांनी फडके सोडून बाटली उंच धरली.

आत लख्ख पाणी होते. खिडकीतून आलेले ऊन त्यातून आरपार जाऊन भाटव्यांच्या पांढऱ्या टोपीवर पडले होते.

आधी मागच्या बाकांवर कोणीतरी हसले आणि मग सगळे हसले. भाटव्यांनी बाटली हलवली. पुन्हा जोराने हलवली. काहीही वर आले नाही. मंत्री उठले, आणि ते वाईट माणूस नव्हते, ते सुद्धा हसू दाबतच म्हणाले की, सन्माननीय सदस्यांनी असे पाणी मंत्र्यांच्या बंगल्यांनाही पुरवावे, आणि त्यांनीच आणलेल्या पुराव्यावरून त्या वस्तीचा पाणीपुरवठा समाधानकारक दिसत असल्याने विहिरींचा पैसा आधी इतर गावांना द्यावा लागेल. दिसते तसे ते पाणी नाही, असे भाटवे सांगू लागले तोवर वेळ संपल्याची घंटा झाली.

मी जिना उतरून खाली आलो तेव्हा ते बाहेरच्या पायरीवर बसले होते. बाटली उजेडाला धरून ते तिचा तळ पाहत होते. "निवळी," ते म्हणाले. निवळी म्हणजे आमच्या जंगलातल्या एका झाडाचे बी. कोलाम लोक बाजारात विकायला आणतात. घागरीला आतून ते बी घासले की गढूळ पाण्याचा गाळ तळाशी बसतो. सून गेल्यापासून भागाबाई वस्तीतल्या प्रत्येकाच्या घागरीत निवळी फिरवत असे, त्याने पाणी बाधत नाही अशी तिची समजूत होती. आणि इथे तर साहेबांच्या हातात द्यायचे पाणी. तिने ते निवळले, नीट गाळले, वरवरचे तेवढे बाटलीत भरले आणि थंड राहावे म्हणून ओले फडके गुंडाळले. मला तिचा भयंकर राग आला. मी म्हणालो, एवढे साधे कळू नये म्हातारीला? भाटवे बाटलीवरून हात फिरवत म्हणाले, "तिच्या घरचं पानी पह्यल्यांदाच कोनी मांगलं रे. खराब कसं देईन थे?"

आम्ही परत आलो तेव्हा भागाबाई मोटारीच्या रस्त्यावरच उभी होती, आणि तिच्यामागे निम्मी वस्ती. "दाखोलं काय सायेब?" तिने विचारले. मी भाटव्यांकडे पाहिले. बाटली त्यांच्या ट्रंकेत धोतराच्या घडीत होती. ते म्हणाले, "नाही माय. फुटली. मूर्तिजापूरले गाडी बदलताना माह्या हातातून सटकली." मी तोंड उघडले तर त्यांनी माझा दंड असा धरला की दोन दिवस दुखत होता. वस्तीतली माणसे एकेक करून वळली. एक तरुण तेवढा निघता निघता म्हणाला, "एक बाटली नाही सांभाळता आली तुमाले." भाटव्यांनी मान हलवली, म्हणाले, "नाही आली गड्या."

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला नाही असे नाही. पण सभागृहात वस्तू आणायला अध्यक्षांनी बंदी केली. भाटवे तोंडी बोलायला उठले की कोणीतरी हळूच "निवळशंख" म्हणायचे आणि हशा पिकायचा. कचेऱ्यांमध्ये गेले तर साहेब लोक त्यांच्यासमोर सभागृहातले छापील उत्तरच ठेवायचे: पाणीपुरवठा समाधानकारक. कागद कोणाच्याही बाजूने बोलतो असे जे ते म्हणत आले होते, ते त्यांच्यापुरते पूर्ण खरे ठरले. उन्हाळा आला, डोह आटले, विहीर झाली नाही. पुढचा उन्हाळा आला, तरीही झाली नाही. मी एकदा चिडून विचारले, "खरं का सांगत नाही तुम्ही त्या लोकांना? चूक तुमची नाही." ते म्हणाले, "सून गेली तिची. आता वस्तीची विहीरबी तिच्याच हातानं गेली, हे मी तिले सांगू? मी आमदार हाय का कोन हाय?"

बासष्टच्या निवडणुकीत विरोधी उमेदवाराने काही केले नाही. तो नुसती एक रिकामी बाटली घेऊन गावोगाव हिंडला. सभेत ती उंच धरायची आणि विचारायचे, "काय झालं?" लोक ओरडायचे, "फुटली!" लोकांना पुराव्याची चटक भाटव्यांनीच लावली होती. खालच्या वस्त्यांनी मते दिली नाहीत, कारण त्यांनी विहीर दिली नाही. वरच्या गावांनी मते दिली नाहीत, कारण त्यांनी विहीर मागितली. मावसभाऊ पाटलांनी तर उघड दुसऱ्याचा प्रचार केला. असा दोन्हीकडून पडलेला माणूस मी पाहिला नव्हता. निकालाच्या दिवशी भाटवे घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि ताईला म्हणाले, "घे, तुह्या घरात आता जागा होईन." पण फळीवरची एकही वस्तू त्यांनी हलवू दिली नाही. ती बाटली त्यांनी हातपंपाच्या दांड्यामागे लपवून ठेवली होती. फेकून का देत नाही, असे मी विचारले तर म्हणाले, "पानी हाय त्यात. कुठं फेकू?"

त्यानंतर दोनतीन वर्षांनी त्यांना हिवतापाने धरले. आमदार असताना ओसरीत पाय ठेवायला जागा नसे. आता त्या ओसरीत खाटेवर ते एकटे पडलेले असत आणि शाळा सुटल्यावर मी जाऊन बसे. एके दिवशी पदरात बोरे घेऊन भागाबाई आली. दारव्ह्याच्या बाजाराला आली होती, साहेब बिमार आहेत असे कळले म्हणून आली. पायरीशीच बसू लागली, तर भाटव्यांनी हट्टाने तिला वर बसायला लावले. ताई चहा ठेवायला आत गेली. म्हातारी सहज इकडेतिकडे पाहत होती, दगड, कवेलू, छत्री, आणि मग तिची नजर थांबली. ताईने सकाळी फळी झाडताना हातपंपाचा दांडा बाजूला केला होता.

"थे माही चिंधी हाय," म्हातारी म्हणाली.

भाटवे म्हणाले, "नाही माय, थे दुसरी बाटली हाय."

म्हातारी उठली, फळीपाशी गेली आणि त्या निळ्या बोळ्याला तिने बोट लावले. काठावर पांढरी रेघ असलेली तिच्या लुगड्याची चिंधी तिला ओळखू येणार नाही तर कोणाला? "फुटली म्हनत होते ना?" ती म्हणाली. मग तिने बाटली उजेडाला धरली. मी भिंतीकडे पाहू लागलो. "मंग त्यायले काहून नाही दिसलं सायेब?"

"मंत्र्यानं चष्मा नोता आनला," भाटवे म्हणाले. इतके वाईट खोटे त्यांना जन्मात दुसऱ्यांदा बोलता आले नसते.

म्हातारी पुष्कळ वेळ त्या पाण्यातून पलीकडे पाहत राहिली. "म्या निवळी फिरोली होती," ती म्हणाली. कोणाला सांगत होती कोण जाणे. भाटवे खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "माय, पानी लय थंडं राह्यलं बरं. पार मुंबईपरेंत." तिने बाटली होती तिथेच ठेवली, बोरे खाटेच्या कडेला ओतली आणि चहा न घेता निघून गेली. ताई कपबशी घेऊन बाहेर आली तेव्हा भाटवे तोंडावर घोंगडी घेऊन पडले होते. त्यांचे खांदे थंडीने हलत नव्हते, हे मला कळत होते. मी बोरे वेचत बसलो.

पुढल्या बाजाराला ती पुन्हा आली. या वेळी तिच्या हातात दुसरी बाटली होती, फडक्याशिवाय. आतले पाणी काळेमिट्ट होते, त्यात काड्या होत्या, शेवाळ होते, आणि कसलीशी एक अळी वळवळत होती. "घ्या सायेब," ती म्हणाली, "यंदा हात बी नाही लावला. जसं हाय तसं आनलं. आता दाखवा." आता आपण आमदार नाही, मुंबईला जायचे नाही, हे भाटव्यांनी तिला सांगायला हवे होते. नवे आमदार कागदच घेतात, रीतसर घेतात, हसून घेतात, हेही सांगायला हवे होते. भाटव्यांनी दोन्ही हातांनी बाटली घेतली आणि म्हणाले, "हां माय. हे बरोबर हाय."

त्या वस्तीला अजून विहीर नाही. भागाबाई गेल्या उन्हाळ्यात वारली. भाटवे आता फारसे घराबाहेर पडत नाहीत, पण सकाळी उठले की तोंड धुण्याच्या आधी ते फळीपाशी जातात आणि ती बाटली घेऊन जोरजोराने हलवतात. रात्रभरात गाळ तळाशी बसलेला असतो आणि वर पाणी निवळलेले असते. कोणी एकाएकी बोलावणे पाठवले, चला म्हणाले, तर आपली तयारी असावी असा त्यांचा हिशेब आहे. दुपारी ते पुन्हा हलवतात, संध्याकाळी पुन्हा. हात आता कापतात, बाटली जड वाटते. ताई चिडत नाही. ते झोपलेले असले की ती स्वतः येऊन हलवून जाते.

मी अजूनही शाळा सुटल्यावर जातो. निघायला उठलो की भाटवे खाटेवरूनच म्हणतात, "साळेबुवा, जाता जाता तेवढी बाटली हालवून जाजा." मी ती दोन्ही हातांनी धरतो आणि हलवतो. पाणी काळे होते. भाटवे मान उचलून पाहतात आणि म्हणतात, "हां. आता दिसते."